एका ठशाचं बेसणं

आमच्या गावच्या ‘निर्भयवाणी’ साप्ताहिकाला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून त्याच्या इमारतीचा सत्कार झाला. साप्ताहिक मरून एकोणीस वर्षं झाली होती, पण सत्काराला मेलेलंच बरं पडतं. मी तिथे एकतीस वर्षं छपाईचे खिळे जुळवले. तेव्हा निर्भय काय होतं ते मला विचारा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मुळात ते कपाशीचं गोदाम. गुलाबचंद शेठने त्यात छपाईचं यंत्र आणून टाकलं आणि दारावर ‘सत्य’ असं कोरून घेतलं. पुढे गावात पाण्याची टाकी कोसळली, तीन माणसं मेली. त्या शनिवारी आम्ही पापड लाटण्याच्या स्पर्धेचा निकाल छापला. वर्षभरात टाकीच्याच कंत्राटदाराने आमचा वरचा मजला बांधून दिला. मागच्या खोल्याही अशाच, मूग गिळूनच बांधल्या गेल्या. इमारतीचा खरा इतिहास लिहायचा तर न छापलेल्या बातम्यांची यादी करावी लागेल.

लोक मात्र पेपर घ्यायचे ते बेसण्यासाठी, म्हणजे गेलेल्याच्या घरी दुखवट्याला बसायच्या जाहिरातीसाठी. कोण गेलं, बेसणं कुठे, किती वाजता. फोटोला हात जोडायचे, मग शेजारी बसलेल्या घरच्यांना जोडायचे, दोन मिनिटं मान खाली घालून बसायचं आणि घरी जायचं. आमचं गाव पेपरात छापून आलेल्या मरणालाच मरण मानतं.

माझे बापा, देवशीभाई, तिथे यंत्राचं चाक फिरवायचे. राजकोटहून एकदा फोटो छापायचे जस्ताचे ठसे करणारा आला. नमुन्यासाठी त्याला एक चेहरा हवा होता. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं शेठचं मत होतं. म्हणून त्याने आपली पागडी बापांच्या डोक्यावर ठेवली आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. घटलं तर देवशीचं घटेल! ठसा झकास उतरला.

मग ज्या म्हाताऱ्याचा फोटो घरात नसे, त्याच्या बेसण्यावर तोच ठसा जाऊ लागला. नऊ वर्षांत अकरा जणांच्या नावावर माझे बापा मेले. एकाही घरातून तक्रार आली नाही. आपला म्हातारा पागडीत रुबाबदार दिसतोय, मग कोण कशाला बोलेल?

बारावा स्वतः शेठ. त्याचा मुलगा जसूभाई म्हणाला, “लाव तोच. पागडी तर आपलीच आहे.” त्यानंतर दर पुण्यतिथीला तोच ठसा आणि खाली गुलाबचंद शेठचं नाव. खरा शेठ कसा दिसायचा ते पाच वर्षांत गाव विसरलं. तो विसरण्यासारखाच होता म्हणा.

एकाहत्तर साली बापा गेले. मी बेसण्याचा मजकूर स्वतःच्या हाताने जुळवला, वर ठसा बसवला आणि जसूभाईला दाखवला.

“वेडा आहेस का, वशराम? लोक म्हणतील, शेठ पुन्हा कसे मेले?”

“चेहरा माझ्या बापाचा आहे, जसूभाई.”

“होता. आता आमचा आहे.”

“मग फोटोशिवाय छापा.”

“चाकवाल्याचं बेसणं महाजनांच्या ओळीत? उद्या न्हावीही मागेल. सोड.”

मी सोडलं. जसूभाईचा राग मला अजून येतो, आणि त्याच्यापेक्षा जास्त स्वतःचा. बेसण्याला चार माणसं आली, त्यातला एक पत्ता विचारायला आला होता.

आणि आता सत्कारासाठी त्याच ठशावरून शेठचं पुरुषभर उंचीचं तैलचित्र करून आणलेलं. आदल्या दिवशी जसूभाई काठी टेकत माझ्या दारात आला.

“सर्वांत जुना कामगार म्हणून हार तू घालायचा. पण तोंड उघडायचं नाही हं, वशराम.”

“नाही उघडणार.”

इमारतीच्या दिवाणखान्यात पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. जसूभाईने पडदा सारला. माझे बापा! कानाजवळचा तीळसुद्धा चित्रकाराने सोडला नव्हता. मी हार घातला आणि परत खुर्चीकडे न जाता चित्राच्या शेजारी खाली बसलो. मांडी घातली, हात जोडले, मान खाली.

“ऊठ,” जसूभाई दातओठ खात कुजबुजला.

“गुडघे धरलेत. बसू द्या.”

पहिले व्यापारी महाजनांचे अध्यक्ष आले. चित्रावर फुलं वाहिली, हात जोडले. वळून पाहतात तर शेजारी पांढऱ्या कपड्यातला म्हातारा मान खाली घालून बसलेला. गावाची सवय ती! त्यांचे हात आपोआप मला जोडले गेले आणि चेहरा पडला. त्यांच्या मागून डॉक्टर, सराफ, नगरपालिकेचे सभासद, सगळी मेंढरं त्याच वाटेने आली. आधी चित्राला, मग मला. एक जण तर “देवाची मर्जी” असंही पुटपुटला. पुढे जाऊन सगळे चादरीवर गप्प बसले, बरोबर दोन मिनिटं.

शेवटी जसूभाई उरला. एवढ्या जणांत खरं माहीत असलेला तो एकटाच. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. त्याने काठी काखेत धरली आणि वाकून हात जोडले, आधी माझ्या बापाला, मग मला.