मंगळावरची उभी नदी

बाबांची नजर गेली ती हळूहळू, कुरकुर न करता. कुरकुर सगळी बाबांनी केली. दगडधोंड्यांच्या अभ्यासात हयात घालवलेला माणूस आता चहाचा कप चाचपून शोधायचा.

मंगळाच्या जुन्या, धूसर फोटोंत त्यांना एक नागमोडी रेघ सापडली होती. ही दरी नव्हे, उंचवटा आहे, असं त्यांचं म्हणणं. कधीकाळी तिथून नदी वाहिली, तळातली वाळू आणि गोटे घट्ट होऊन खडक झाले, आजूबाजूची मऊ जमीन वाऱ्याने नेली आणि नदीचं पात्रच वर उभं राहिलं. लोक हसले. बाबा तसूभर हटले नाहीत.

आणि आता त्याच रेघेचा नवा फोटो आला होता, एकेक खडक ओळखता येईल इतका स्वच्छ. असे फोटो तपासणं हीच माझी नोकरी. बाबा खुर्चीत ताठ बसले.

"गोड करून सांगू नकोस," ते म्हणाले. "दिसेल ते सांग."

भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला नकाशा होता. वळणाशी वळण जुळेपर्यंत मी लॅपटॉपवर फोटो फिरवला.

"बाबा, खोलगट आहे. चर आहे नुसता."

ते खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "तो नकाशा काढून टाक."

"राहू दे ना."

"काढ म्हणतो ना. मला दिसत नसला तरी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो."

मला रडू येत होतं आणि रागही. बाबांचा, त्या मेल्या ग्रहाचा. स्टुलावर चढून नकाशा उतरवला. धूळ पुसताना कोपऱ्यातला बाण दिसला. उत्तर खाली. नदी उत्तरेला गेली आणि पाणी कागदावरही खालीच उतरलं पाहिजे, हा बाबांचा हट्ट. म्हणजे जुळवण्याच्या नादात मी फोटो पार उलटा केला होता. उजेड खालून आला की डोळा फसतो, उंचवटा खड्डा दिसतो. आमच्याकडे नवख्यांना सगळ्यात आधी हेच शिकवतात. मी फोटो सरळ केला. रेघ जमिनीतून वर आली.

"बाबा, मी उलटा बघत होते. उंचवटाच आहे."

"पुरे झाले लाड," ते कोरडेपणाने म्हणाले.

शपथा घेऊन उपयोग नव्हता. मी म्हटलं, "सूर्य वायव्येला आहे. रेघेची पूर्वेची बाजू काळी आहे. चर असता तर सूर्याकडची काळी असती."

त्यांनी एका हाताची मूठ मांडीवर ठेवली आणि दुसऱ्या हाताने तिची एक कड चाचपली, मग दुसरी.

"सगळीकडे?"

"जिथे जिथे सावली आहे, तिथे पूर्वेलाच."

मूठ हळूहळू सुटली.

"मानलं," ते म्हणाले. "लाडच करायचे असते, तर मघाशी मला तोंडावर चुकीचा ठरवलं नसतंस."

मी नकाशा परत खिळ्याला अडकवला, उत्तर खालीच ठेवून. बाबांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी हाताने चाचपून माझी खुर्ची आपल्याजवळ ओढली.

"आता उगमापासून सांग. सावकाश. मला बघायचंय."