गगनराव जीव का घेत नाही

गगनरावानं पहिल्याच अंकात सात दरोडेखोर विहिरीत फेकले आणि वरून झाकण लावलं. साल १९८३. चौथ्या अंकात हाच गगनराव एका खिसेकापूला सांगतो, "मी कुणाचाही जीव घेत नाही. कधीच घेतला नाही." विहिरीतल्या सात जणांना हा अंक मिळाला असता तर त्यांना वाईट वाटलं असतं.

मला प्रश्न पडला, की मधल्या काळात याला झालं काय?

गगनराव म्हणजे आमच्या शहराचा एकुलता एक सुपरहिरो. पाठीवर हिमरूची शाल बांधून भडकल गेटवरून उडायचा. त्याला जन्माला घातलं पैठणकर सरांनी. सर दिवसा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात बसून गगनराव काढायचे. एकतीस अंक निघाले, मग छापखाना बंद पडला. आता पुण्याचे एक प्रकाशक त्याला परत आणणार होते, आणि नवं पुस्तक लिहायचं-काढायचं काम मला मिळालं होतं. माझं पहिलं पुस्तक. त्याआधी मी एका दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवर हसणारी दाढ काढली होती, तेवढंच.

पुण्याच्या संपादक तनुजा मॅडम फोनवर स्पष्ट बोलल्या.

"ऋतुराज, तेविसाव्या पानावर काळजंतू मेला पाहिजे. गगनरावाच्या हातून. नाहीतर पुस्तक नाही."

काळजंतू हा गगनरावाचा सगळ्यात जुना शत्रू.

"पण मॅडम, गगनराव मारत नाही."

"तेच तर. हल्लीच्या हिरोला झोप लागत नाही. त्याला पश्चात्ताप असतो. कुणाला मारलंच नाही तर पश्चात्ताप कशाचा करणार? तुझा गगनराव दहा वाजता दूध पिऊन झोपतो."

हे खरं होतं. अंक चौदा, पान सहा.

शुक्रवारपर्यंत पैठणकर सरांची परवानगीची सही आणायची होती. सरांपुढं रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी एकतीसच्या एकतीस अंक वाचले आणि वहीत नोंदी केल्या. चौथ्या अंकापासून जीव घेणं बंद. नवव्यापासून थोबाडीत मारणं बंद. बाराव्यापासून दुपारी एक ते चार कुणावर चाल करून जात नाही. सतराव्यापासून खलनायकाच्या घरात शिरताना चपला बाहेर काढतो. या सगळ्यावर मी सहा पानांचा सिद्धांत लिहिला. घरोघरी टीव्ही आल्यामुळं समाजमन हळवं झालं, असा त्याचा एकूण सूर होता. वाचून माझाच ऊर भरून आला.

सर औरंगपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय एक्क्याऐंशी. त्यांनी सिद्धांत भिंग लावून शेवटपर्यंत वाचला.

"छान लिहिलंयस. यातलं काहीच झालेलं नाही."

"मग काय झालं, सर?"

"पुंडलिक रडला."

सरांना मनानं घोडा काढता यायचा, दरवाजा काढता यायचा, पण चेहरा यायचा नाही. चेहऱ्याला समोर माणूस लागायचा. छापखान्याच्या समोर पुंडलिकचं सायकलचं दुकान होतं, आणि त्याच्या भुवया अशा की त्यात पंक्चरचा खिळा हरवला तर सापडू नये. सरांनी त्याचा काळजंतू केला. रिवाज असा होता, की ज्याचा चेहरा घेतला त्याला चहा पाजायचा आणि छापून आलेला पहिला अंक त्याच्या हातात द्यायचा. तिसऱ्या अंकात गगनरावानं काळजंतूला भडकल गेटवरून खाली सोडला. सरांनी रिवाजाप्रमाणं पहिला अंक नेऊन दिला.

"दुसऱ्या दिवशी गेलो तर हा पंप मांडीवर घेऊन बसलेला," सर म्हणाले. "म्हणे, सर, मी मेलो ना. पोरं हवा भरायला येईनात. मेलेल्या माणसाकडून हवा कशी भरायची म्हणतात."

"मग?"

"मग काय? रोज त्याच्या दुकानासमोरून जायचं होतं मला. पुढच्या अंकात उठवला. पुन्हा हा ताप नको म्हणून गगनरावाला शपथच घालून टाकली."

"आणि थोबाडीत मारणं?"

"तो खलनायक आमच्या शाळेचा शिपाई, माऊली. त्याची आई शाळेत आली. म्हणाली, माझ्या पोराला का मारता?"

"दुपारी एक ते चार?"

"तो चेहरा एका कापडवाल्याचा. तो त्या वेळी झोपायचा."

"आणि चपला?"

"केसरबाईंचा निरोप होता. पुंडलिकच्या बायकोचा. सारवलेल्या घरात बूट घालून काय उडत येतो म्हणे."

मी वहीतली टीव्हीची ओळ खोडली. मग समाजमनाची खोडली. मग सरळ पानं फाडली. आणि चाचरत तेविसाव्या पानाचं सांगितलं.

सर बराच वेळ भिंगातून स्वतःचा अंगठा बघत बसले.

"काळ बदलतो, मी नाही म्हणत नाही. सही करीन. पण पद्धत तीच ठेवायची. चेहरा खऱ्या माणसाचा. आणि मारणार असशील तर आधी त्याला विचारायचं. मी विचारलं नव्हतं."

माझ्याकडं चार दिवस होते. पुंडलिकला परत मारायचा धीर होईना, म्हणून काळजंतूला नवा चेहरा शोधू लागलो. मेल्याचं चित्र काढू का, असं लोकांना विचारणं वाटतं तितकं अवघड नाही. होकार मिळवणं अवघड आहे. आमचे न्हावी म्हणाले, आधी मुलीचं लग्न होऊ द्या. एक रिक्षावाला म्हणाला, "मारो ना भाई, पण मरेपर्यंत मीटर चालू राहील." माझा मित्र सुदर्शन कंपनीत असतो. तो म्हणाला, या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे, मेलेलं जमणार नाही.

गुरुवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि शेंद्र्याला गेलो. पुंडलिकमामा आता तिथं मुलाकडं राहतात. भुवया पांढऱ्या झाल्यात, कमी झालेल्या नाहीत. ओसरीवर खाटेवर बसले होते. शेजारी केसरबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी ओळख सांगितली, सरांचं नाव सांगितलं, आणि मग दुसरं काही सुचेना म्हणून सरळ बोललो.

"मामा, तुम्हाला मारायचं होतं."

"कोन, गगनराव?"

"हो."

"येऊ दे की! लई वर्सं झाली. अठ्ठावीस बारी जेलात घातलं त्यानं मला. जेलातून सुटायचाबी कट्टाळा आला."

"नाय," केसरबाई म्हणाल्या. हातातली शेंग फुटली. "अजाबात नाय."

"अगं, पानावर मरायचंय!"

"मागच्या बारीबी पानावरच मेले व्हते. माही माय बिडकीनहून रडत आली व्हती. तिला वाचता येत नव्हतं, चित्र बघून आली."

"आता कोन हाय रडायला?"

"मी हाय ना."

केसरबाईंनी पुढची शेंग उचलली.

"पोराचं पयलं पुस्तक हाय, केसर," मामा शेवटी हळूच म्हणाले. "मी मेलो न्हाई तं छापत नाय म्हनत्यात."

केसरबाईंनी माझ्याकडं खालून वर पाहिलं. मी होता होईल तेवढा बिचारा दिसलो.

"चपला काढायला लाव त्याला," त्या म्हणाल्या.

मामा खाटेवर आडवे झाले. मी टॅब काढला. केसरबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या, आणि दर दोन मिनिटांनी वळून बघू लागल्या.

"श्वास घ्या वो."

"मढं श्वास घेतं का?"

"घ्या म्हनते ना!"

मामा घ्यायचे. मी छातीची रेघ खोडून परत काढायचो. असा पाऊण तास गेला. खोटं कशाला सांगू, आयुष्यात इतकं चांगलं चित्र माझ्या हातून झालं नव्हतं. मामा उठले, चष्मा लावला आणि स्वतःला मेलेलं बघत राहिले.

"झ्याक," म्हणाले. "बरं, चोविसाव्या पानावर मी काय करायलो?"

"चोविसाव्या पानावर तुम्ही नाही, मामा."

"नाय कसा? मेलो म्हनून काय झालं? मागच्या बारीबी मेलो व्हतो."

केसरबाईंनी चहा आणला आणि कपबशी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "पयला अंक तू सोता घेऊन ये. पोस्टानं नको धाडू."

मी चिकलठाण्याच्या सिग्नलपर्यंत आलो. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, परत हिरवा झाला. मागचा टेम्पोवाला माझ्या घराण्याबद्दल बोलू लागला. मी स्कूटर कडेला घेतली आणि पुण्याला फोन लावला.

"मॅडम, तेविसाव्या पानावर काळजंतू मेला."

"शाबास!"

"चोविसाव्यावर उठतो."

"का?"

"त्याची बायको म्हणते, श्वास घ्या."

"ऋतुराज, पुस्तक नाही असं मी म्हटलं होतं. आठवतंय ना?"

"आठवतंय." टेम्पोवाला शेवटचा हॉर्न मारून पुढं गेला. "पण मारणारा कुणी दुसरा बघा. मला तो अंक शेंद्र्याला नेऊन द्यायचाय. सारवलेलं नाही आता, फरशी आहे, तरी चपला काढून आत जायचंय."

"चित्र पाठव," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी स्कूटरवर बसूनच चोविसावं पान रेखाटलं आणि दोन्ही पानं पाठवली. चोवीसवर कच्चं काम होतं. खाट, भिंतीकडं बसलेली बाई, तिचं वळणं, आणि दारात अनवाणी गगनराव, हातात आपल्याच चपला. वीस मिनिटांनी फोन आला.

"हा जो दारात उभा आहे, त्याला आज झोप लागणार नाही."

"नाही लागणार, मॅडम."

"मग त्याचं दूध काढून टाक. दूध पिऊन झोपणारा माणूस असा उभा राहत नाही. दूध बंद केलंस तर चोविसावं पान ठेव."

मी दूध बंद केलं.

शुक्रवारी सरांनी भिंग लावून सगळी कच्ची पानं पाहिली. तेवीसवर थांबले. चोवीसवर त्याहून जास्त थांबले.

"मला उठवायला महिना लागला होता," म्हणाले. "तू एका पानात उठवलास." मग पंचविसावं पान उलटलं. "इथं रात्र आहे. याचं दूध कुठंय?"

"सोडलं, सर."

"का?"

"पुण्याहून सांगितलं."

"हं," सर म्हणाले. "म्हणजे गगनराव अजून लोकांच्या निरोपांवरच चालतो." आणि त्यांनी सही केली.