आत्याचा नळ आणि यांची गिटार

आता सगळं निस्तरलंय म्हणून हसत सांगते. पण त्या आठवड्यात आमच्या वेस्ट मांबलमच्या घरी येऊन कुणी मला नुसतं "कशी आहेस गं?" विचारलं असतं, तरी मी भोकाड पसरलं असतं.

हे, म्हणजे माझे यजमान गुरुमूर्ती, बंदरावरच्या एका कचेरीत कारकून. दिवसभर कागद तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडे बघत कॉफी प्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी या माणसाला हौस कशाची आहे याचा मला थांग लागला नव्हता. मग यांचा एक अँग्लो-इंडियन सोबती कुटुंबासकट ऑस्ट्रेलियाला निघाला आणि जाताना आपली जुनी बास गिटार यांना अगदी स्वस्तात देऊन गेला. चार जाड तारा, लांबच लांब मान, खांद्याला अडकवायला चामड्याचा पट्टा, रंगाचे पोपडे उडालेले. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसराच माणूस वावरू लागला. जेवताना बोटं पाटावर ताल धरायची, न्हाणीघरातून गाणं ऐकू यायचं, आणि माझ्याशी चक्क गप्पा! मी मनातल्या मनात ऑस्ट्रेलियाला साष्टांग दंडवत घातला.

टी. नगरमधले रत्नाकर लग्नाच्या रिसेप्शनला गाणीबजावणी करणारा एक वाद्यवृंद चालवायचे. मूळचे पुण्याचे, बोलणं स्वच्छ आणि तोंडावर. त्यांनी यांना घेतलं. पण या गिटारला स्वतःचा आवाज नसतो, हे घेताना कुणाच्या लक्षात आलं होतं! घरच्या रेडिओला जोडून पाहिली, तर पहिली तार छेडताच रेडिओला जी खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. शेवटी मांबलम स्टेशनजवळचे आमचे तुकोजी धावून आले. त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. एका जुन्या माइक सेटचा अ‍ॅम्प्लिफायर, एक भलाथोरला स्पीकर आणि पॅकिंगच्या फळ्या घेऊन त्यांनी गिटारसाठी खोकं तयार केलं. आवाज आला, छान भरदार आला. पण त्याच्यासोबत 'घूंऽऽ'ही आला. वाजवा, नका वाजवू, आपलं घूंऽऽ चालूच.

पहिल्याच कार्यक्रमात नवरीचे मामा मांडवात मधमाश्यांचं पोळं शोधत फिरले. रत्नाकर रागावले नाहीत, पण म्हणाले, "गुरुमूर्ती, हात तुमचा चांगला आहे. पण पुढच्या रविवारी मोठं रिसेप्शन आहे. शनिवारी सकाळी मी घरी येऊन ऐकतो. घूं गेला असेल तर तुम्ही आमचे. नाहीतर आम्ही बासशिवाय भागवू."

सोमवारी संध्याकाळी तुकोजींनी खोकं उघडलं, आतल्या लोखंडी पत्र्याला बोट लावलं, कान दिला आणि म्हणाले, "गुरू, हे अधांतरी आस. ह्याला जमीन होणा." आमच्या तंजावरी मराठीत 'आस' म्हणजे आहे आणि 'होणा' म्हणजे हवं. आमच्या घरातल्या प्लगला दोनच भोकं, जमिनीची तार नाहीच. म्हणून त्यांनी पत्र्यापासून एक लांब तार खिडकीतून परसात नेली आणि नळाच्या लोखंडी पाइपाला आवळून बांधली. पाइप खाली जमिनीत जातो, आणखी काय हवं! बटण दाबलं, आणि घूं गायब. यांनी त्या आनंदात रात्री भाताचे दोन वाढप जास्त घेतले.

मंगळवारी घूं परत हजर.

तार सुटली असेल म्हणून हे परसात धावले. तार जागच्या जागी होती, उलट आदल्या दिवसापेक्षा नीटस बांधलेली दिसत होती. मग दोष खोक्यातच असणार. तुकोजींनी व्हॉल्व्ह बदलला, कंडेन्सर बदलला, गिटारच्या आतली जोडणी पुन्हा डाग देऊन घट्ट केली. घूं आपला ढिम्म. शुक्रवारी त्यांनी हात टेकले. यांनी गिटार पुसली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. "उद्या रत्नाकरना नाही म्हणून सांगतो," एवढंच बोलले आणि भिंतीकडे बघत कॉफी प्यायला बसले. गिटार गेली तर जावो, पण तिच्यासोबत माझा नवराही माळ्यावर जाणार होता.

इथं आमच्या कृष्णवेणी आत्यांची ओळख करून द्यायला हवी. यांची आत्या. लहानपणी विधवा होऊन भावाकडे आली आणि आईवेगळ्या यांना तिनंच वाढवलं. सोवळ्याला आम्ही तंजावरकडचे मराठी लोक मडी म्हणतो, आणि आत्याचं मडी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नळाच्या आत चामड्याची चकती असते, म्हणून तिनं वर्षानुवर्षं नळाच्या पाण्याला हात लावला नव्हता. विहीर आटली तेव्हा रबराची चकती बसवून घेतली, मगच घागर नळाखाली धरली. गिटारबद्दल मात्र ती चकार शब्द बोलली नव्हती. तिला ते धूड घरात नकोच असणार, अशी माझी खात्री होती.

शनिवारी उजाडताना मी परसात गेले तर आत्या ओलेत्यानं नळापाशी वाकलेली. तिनं तार सोडली होती, आणि पाइपाला मोरपंखी रेशमाची एक पट्टी गुंडाळत होती.

"आत्या, हे काय?"

"शिवू नोको!" ती दचकून म्हणाली. "मडीत आस मी. काही नाही गं. ही गुरूची तार."

"तारेचं काय?"

"त्या वाद्याला पट्टा चामड्याचा. पट्टा वाद्याला, वाद्य डब्याला, डबा तारेला, अणीक तार माझ्या कुळायला! कुळाय म्हणजे हा नळ, ह्याच पाण्यानं देवाचा नैवेद्य. मंगळवारी सोडूनच टाकणार होते. मग वाटलं, पोर संध्याकाळी येऊन बघेल, तोंड पाडेल. रेशमाला विटाळ नाही. म्हणून मध्ये रेशीम गुंडाळलं अणीक ते झाकेल अशी वर त्याची तार होती तशी बांधली. पाण्यानं भिजतं, म्हणून रोज पहाटे कोरडी पट्टी बदलते. त्याचं काम होणा, माझं मडीही होणा."

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. तुकोजींच्या दुकानातल्या जुन्या तारांवर रेशमी धाग्याचं वेष्टण मी कितीदा पाहिलं होतं. वीज बाहेर जाऊ नये म्हणूनच ते असतं.

"आत्या," मी म्हटलं, "रेशमातून विटाळ जात नाही ना? वीजही जात नाही!"

आत्या धुण्याच्या दगडावर मटकन बसली.

"म्हणजे चार दिवस पोर उपाशासारखं बसतंय, ते माझ्यामुळं?" तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, मी त्याला सांभाळून घेतेय."

तेव्हा माझेही भरले. तिला गिटार नको असेल असं मी मनात धरून बसले होते, आणि ही बाई चार दिवस पहाटे कुडकुडत त्याची तार जपून बांधत होती! रेशीम कुठलं ते आता ओळखलं. तिच्या लग्नातल्या पुडव्याचा, म्हणजे रेशमी लुगड्याचा, काठ. ट्रंकेच्या तळाशी असायचा, कुणाला हात लावू द्यायची नाही.

आत्यानं डोळे पुसले आणि लगेच मूळ पदावर आली. "ते चामडं काढ आधी. ह्या काठाचाच पट्टा शीव. चामडं गेलं की तार खुशाल बांध, माझी हरकत काय आस?"

मी यांना हलवून उठवलं. हकिगत अर्धी ऐकूनच हे माळ्यावर चढले. चामड्याचा पट्टा कोपऱ्यावरच्या चांभाराकडे गेला. काठाला आतून जाड कापड लावून मी पट्टा शिवायला घेतला, आणि रत्नाकर दारात उभे राहीपर्यंत शिवतच होते. इकडे आत्यानं पाइप चिंचेनं घासून लख्ख केला आणि उघडी तार उघड्या लोखंडावर स्वतःच्या हातानं आवळली.

यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला, आणि घरात काही म्हणजे काही ऐकू येईना. समोरच्या घरात कुणी तरी ताक घुसळत होतं, तेवढं मात्र आलं.

"लाइट गेले वाटतं," रत्नाकर म्हणाले.

यांनी सगळ्यात जाड तार छेडली. फळीवरची पितळी भांडी थरथरली. त्यांनी बोटानं तार थांबवली, तर पुन्हा सगळं शांत. रत्नाकरांनी डोळे मिटून आणखी दोन गाणी वाजवून घेतली आणि म्हणाले, "उद्या पाचला या. आणि पट्टा हाच असू द्या, फार देखणा आहे."

मी स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन मनसोक्त रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

रविवारी आत्याही आली. बाहेरचं पाणीसुद्धा न पिणारी बाई, पण आली. मंडपामागच्या नळापाशी तुकोजी तार घेऊन उकिडवे बसले होते. अर्धा जन्म त्यांचा रेडिओच्या तारांत गेलेला. आत्या त्यांच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली.

"तुकोजी, आधी गंज घास," ती म्हणाली. "अणीक मध्ये रेशीम-बिशीम नोको हं. त्यातनं वीज जात नाही."

तुकोजींनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि गंज घासायला लागले. "सरी, आत्या, तसंच करतो," ते म्हणाले. आत हे तारा जुळवत होते. मोरपंखी काठ खांद्यावर होता, आणि घूं कुठंच नव्हता.