मास्तरांच्या छातीतली फडफड

या, असे जवळ सरकून बसा. तो उसवलेला कोट ढकला बाजूला, त्याचा मालक काही आज येत नाही. एक गोष्ट सांगतो. तिच्यात देवाचं नाव आहे, थोडा औषधांचा वास आहे, आणि मधोमध एक मूर्ख माणूस बसलेला आहे. तो कोण, हे शोधायला तुम्हांला फार कष्ट पडणार नाहीत.

मी शिंपी. लोक मास्तर म्हणतात. दिवसभर मशीन चालवायची आणि संध्याकाळी जिथे कुठे कोणी देवाची गोष्ट गाऊन सांगत असेल तिथे जाऊन पहिल्या रांगेत बसायचं, एवढंच माझं आयुष्य. नुसतं बोललेलं प्रवचन माझ्या डोक्यावरून जातं. पण कीर्तनात बुवा बोलता बोलता सुरात शिरले, की मी गेलोच.

तर झालं असं, की एका संध्याकाळी बुवांनी हाक मारावी तसा वरचा सूर लावला आणि माझ्या छातीत काहीतरी फडफडलं. पिशवीत कोंडलेलं पाखरू सुटायला बघतं ना, तसं. दोन ठोके धावले, एक अडखळला, एक गायबच. डोळ्यांपुढे जरा अंधारलं. मी हात जोडले. म्हटलं, देवा, आलास! इतकी वर्षं सतरंजी झिजवली, अखेर दारावर थाप पडली!

पुढे ते वरचेवर व्हायला लागलं. मी डोळे मिटून, छातीवर हात ठेवून डोलायचो. शेजारचे एकमेकांना खुणावायचे, "मास्तरांची समाधी लागली बघा." मला ते ऐकू यायचं. न ऐकल्यासारखा चेहरा मी मोठ्या मेहनतीनं करायचो. भक्ताला अहंकार नसावा म्हणतात. माझा तर नव्या सुटासारखा कडक इस्त्रीचा होता.

आता एक गोम होती. जिना चढतानाही फडफडायचं. चहाच्या तिसऱ्या कपानंतर फडफडायचं. एकदा गिऱ्हाइकाच्या विजारीचं माप घ्यायला वाकलो तेव्हाही फडफडलं. विजारीत देव कुठून आला, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला वाटलं, वाहवा, आता आपल्याला चराचरात दिसायला लागला!

दुकानात आम्ही दोघं भाऊ. दादा माझ्याहून मोठा आणि हातानं माझ्याहून कितीतरी सफाईदार. होता, म्हणायला हवं. एके दिवशी कोटाची बाही जोडता जोडता तो मशीनवरच कलंडला. मेंदूकडे जाणारं रक्त अडलं होतं. जीव वाचला, पण उजवा हात लाकडासारखा झाला आणि वाचा तुकड्यातुकड्यांनी परत आली. आता तो खिडकीपाशी बसून डाव्या हातानं बटणं निवडतो. आमच्या दोघांत एकच मोठा फरक. दादानं जन्मात देवाला हात जोडले नाहीत. मी संध्याकाळी निघालो की तो मशीनकडे बघून म्हणायचा, "निघाली स्वारी, देवाला झोपू द्यायची नाही."

दादासाठी रक्तदाब बघायचं यंत्र आणलेलं आहे. रोज सकाळी मी त्याच्या दंडाला पट्टा बांधतो. एका सकाळी त्याचं झाल्यावर सहज स्वतःच्या दंडाला बांधला. पट्टा फुगला, सुस्कारा टाकून उतरला, आणि आकड्यांशेजारी हृदयाचं एक छोटं चित्र उघडझाप करायला लागलं. दादाच्या वेळी ते कधी दिसलं नव्हतं. त्याची गोळी चालू होती, ठोके लायनीवर होते. हे माझ्या डोक्यात कुठलं यायला! मला एवढंच कळलं, की नास्तिकाला दिसत नाही आणि मला दिसतं.

"अगं, इकडे ये!" मी बायकोला हाक मारली. "यंत्रालासुद्धा कळलं!"

ती हात पुसत आली. "काय कळलं?"

"माझ्या हृदयातलं."

"अहो, बॅटरी संपल्याची खूण असेल ती."

"बॅटरी नाही. भक्ती आहे ती."

"मग भक्तीला म्हणावं, जरा विजेचं बिल भरून ये."

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात बटणांचा डबा खाली पडला. दादा उठला होता. पाय ओढत माझ्याजवळ आला, यंत्राकडे बघितलं आणि माझं मनगट धरलं. दोन बोटं अंगठ्याच्या मुळाशी ठेवून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरत गेला.

"माझं," तो म्हणाला. मग बराच वेळ शब्द शोधला. "असंच. पडायच्या... आधी."

"दादा, तुझं वेगळं. मला कीर्तनात होतं. हे त्याच्याकडून आहे," मी वर बोट दाखवलं.

दादा माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या तोंडाचा एकच कोपरा हलतो, तो हलला. "मग मी... काय... भक्त होतो?"

माझं इस्त्री केलेलं सगळं तिथंच चुरगळलं. कारण मला आठवलं. पडायच्या आधी कित्येक दिवस दादा म्हणायचा, छातीत कबूतर शिरलंय. सगळे म्हणाले, मशीनच्या हादऱ्यानं होतं. हा माणूस कुठल्या बुवांच्या पहिल्या रांगेत बसला नव्हता. तरी त्याच्याकडे तोच पाहुणा आला होता, आणि जाताना उजवा हात घेऊन गेला होता.

"चल," दादा म्हणाला.

"संध्याकाळी जाऊ. आज कीर्त..."

"आत्ता!" तो शब्द मात्र अख्खा निघाला. बायकोही सोबत निघाली. दादानं मनगट सोडलंच नाही. रिक्षात, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, बाकावर, सगळीकडे डाव्या हातानं मला धरून. लोकांना वाटलं असेल, धडधाकट भाऊ लंगड्याला घेऊन आलाय.

छातीला तारा चिकटवल्या, कागदाची पट्टी निघाली. डॉक्टरबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय गेलीय. ते आकसायचे सोडून थरथरताहेत. मास्तर, काही प्रश्न विचारते. रक्तदाब आहे?"

"किंचित," मी म्हणालो.

"किंचित कसला!" बायको म्हणाली. "गोळी दिलीय. हे अर्धीच घेतात. म्हणतात, उरलेला दाब कीर्तनानं उतरतो."

"वजन वाढलंय?"

"छे!" हे मी छाती ठोकून सांगितलं. "लग्नातली विजार अजून होते मला."

बायको हसायलाच लागली. "बाई, हे शिंपी आहेत. दर वर्षी मागची शिवण उसवून थोडं कापड सोडतात. आता सोडायला कापड उरलं नाही, तेव्हा मधे पट्टी घातलीय. कोटाखाली दिसत नाही."

काय सांगू तुम्हांला! दुसऱ्यांना विजार घट्ट होते, त्यांना कळतं. शिंप्याला कोण सांगणार? त्याची विजार त्याला घाबरून असते.

"कॉलर?" बाईंनी विचारलं. "मान जाड असली की झोपेत श्वास अडतो, म्हणून विचारते. घोरता का?"

मी बायकोकडे बघितलं नाही. तीही या वेळी हसली नाही. "घोरतात, आणि मधेच गप्प होतात," ती म्हणाली. "श्वासच नसतो. मी हलवते. कधी कधी नुसती बघत बसते, परत सुरू होतो का म्हणून."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी सकाळी उठून तिला म्हणायचो, आज काय शांत झोप लागली!

"दारू?"

"नाव काढू नका." तेवढा एक गुण मिळाला.

"साखर आणि थायरॉइड रक्तात बघू, झडपांसाठी सोनोग्राफी करू. वय आहेच. घरात कुणाला हा त्रास?"

 दादानं माझं मनगट धरलेला हात जरासा वर उचलला, शाळेत उचलतात तसा.

मी शेवटी धीर करून विचारलं, "आणि बाई, भक्तीमुळे?"

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "भक्तीचा दोष नाही मास्तर, आणि हे तिचं श्रेयही नाही. भावना दाटून आल्या की ठिणगी पडू शकते; पण लाकूड रचलंय ते दाबानं, वजनानं आणि झोपेत अडणाऱ्या श्वासानं. थरथरत्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की..." त्या दादाकडे बघून थांबल्या. "तुम्ही वेळेत आलात."

आता रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. शिंप्याला सुई टोचली की थेंब थांबत नाही, म्हणून शिकाऊ पोरासारखी बोटात लोखंडी टोपी घालून बसतो. ठोके लयीत ठेवायची आणखी एक, आणि रक्तदाबाची गोळी अख्खी. झोपताना नाकावर हवेचं यंत्र, पहिल्यांदा लावलं तेव्हा बायको म्हणाली, "हत्तीशी लग्न झालं असतं तर सोंड तरी खरी असती." पण त्या रात्री ती माझ्याआधी झोपली. आणि विजारीतली ती पट्टी मी स्वतः काढली. सध्या विजार मला होत नाही. खुंटीवर लटकून माझ्याकडे बघते.

एक भीती मात्र मनात होती. ती फडफड गेली, तर देवही गेला का? परवा पुन्हा पहिल्या रांगेत बसलो. बुवांनी तोच सूर लावला. छाती शांत. मी वाट बघितली, काही नाही. आणि मग बुवा काय गाताहेत ते मला ऐकू आलं. इतके दिवस मी माझ्याच छातीला कान लावून बसलो होतो हो! शब्द किती साधे होते. डोळे भरून आले, ठोके मात्र सरळ टाक्यासारखे पडत राहिले.

हे मला कसं माहीत? शेजारी दादा बसला होता, माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून. "तुझ्या... देवावर... भरवसा नाही," म्हणाला आणि आला. अर्ध्यातच त्याला झोप लागली. बोटं हलली नाहीत.

तर एवढंच मागतो. तुम्ही जेव्हा हात जोडाल, तेव्हा माझ्या दादाचं नाव घ्या. तो स्वतःसाठी काही मागायचा नाही. देवाशी त्याचं बोलणं नाही. आणि कधी तुमच्या छातीत पाखरू फडफडलं, तर आधी दोन बोटं मनगटावर ठेवा, आणि त्याची आठवण करा. त्याची नाडी बघायला कुणी नव्हतं. माझी बघायला तो होता.