बावीस सह्यांची खुरपी

मी खुरपी बोलतेय. बागेतली नव्हे, कॅम्पिंगची. माझं काम ऐकून नाक मुरडणार असाल तर आत्ताच मुरडून घ्या, पुढे व्यत्यय नको. रानात मुक्कामाला गेलेल्या माणसालाही सकाळ झाली की पोट मोकळं करावं लागतं. त्याने पाण्यापासून दोनशे पावलं लांब जावं, माझ्या मदतीने वीतभर खोल खड्डा खणावा, काम उरकून वर माती लोटावी आणि निमूट परत यावं. एवढ्यासाठी माझा जन्म.

कारखान्यात मला पत्र्यातून कापलं, ठोकून वाकवलं, पात्याला हिरवा रंग दिला. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी पुठ्ठ्याच्या खोक्यात, ते खोकं फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये आणि सगळं मिळून आणखी एका मोठ्या खोक्यात. त्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘निसर्गाला जपा’.

मला मागवलं नियमभाऊंनी. आठवडाभर हे गृहस्थ कचेरीत फायली तपासतात आणि सुट्टीला लोकांना रानात नेतात. चहाचा कप कसा धरावा हेसुद्धा ते समोरच्याला सांगतात, म्हणून हे नाव पडलं. ‘निसर्गात आपली खूणही उरता कामा नये’ हे त्यांचं लाडकं वाक्य. ते त्यांनी पत्र्याच्या पाटीवर रंगवून घेतलंय आणि जातील तिथे ती पाटी जमिनीत ठोकतात.

त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. वहिनींचं आणि आमचा कॅम्प ठरला होता त्या तळ्याकाठच्या मैदानाचं नातं जुनं. लहानपणी त्यांचे वडील, आप्पा, त्यांना तिथे न्यायचे. एक सतरंजी, एक पातेलं, की झाला कॅम्प. आता आप्पा एक्याऐंशीचे आहेत. “एकदा तळ्याकाठी झोपायचंय गं,” एवढंच त्यांचं मागणं, आणि थंडी सरली की नेते, असा वहिनींनी शब्द दिला होता.

पण मैदान राहील की जाईल याचाच भरवसा नव्हता. येणाऱ्यांनी तिथे फार घाण केली होती. वनरक्षक बाईंनी नियमभाऊंना स्पष्ट बजावलं होतं, “तुमचा हा एक कॅम्प बघते. जागा स्वच्छ राहिली तर मैदान सगळ्यांना उघडं. नाहीतर कुलूप.”

झालं. नियमभाऊंच्या अंगात आलं. मी हरवू नये म्हणून त्यांनी माझ्या मुठीला लाल फीत बांधली, फितीला पितळी घंटी अडकवली आणि शेजारी एक वही टांगली. नाव, वेळ, खड्ड्याची खोली, सही. आणि मला लटकवलं कुठे, तर चुलीसमोर, जिथे सगळे चहा पीत बसतात तिथे.

पहिल्या सकाळी बँकेतले कॅशियर उठले. त्यांनी मला हात लावला आणि घंटी वाजली. बाकीच्या दहाही माना वळल्या.

“निघालात वाटतं?” दंतवैद्य बाईंनी विचारलं.

“वही भरा आधी, वही,” नियमभाऊ म्हणाले.

कॅशियर कानापर्यंत लाल झाले. ‘खोली: वीतभर’ असं जायच्या आधीच लिहून मोकळे झाले. झाडीआड गेल्यावर त्यांनी मला एकदाच उगारलं, पण घंटी अशी खणखणली की चुलीपाशी कुणीतरी हसलं. मग त्यांनी मला फांदीला टांगलं, मोठ्या खडकामागे गेले, उघड्यावरच उरकलं, कागदावर दगड ठेवला आणि मला वाजवत परत आले. पुढचेही सगळे तसेच. आणि वहिनी? हो, वहिनीसुद्धा. नियमभाऊंनी स्वतः दोन्ही दिवस पोट धरून कळ काढली, पण सह्या मात्र ठोकल्या. अकरा माणसं, दोन सकाळी, बावीस सह्या.

तिसऱ्या दिवशी वनरक्षक बाई आल्या. नियमभाऊंनी त्यांच्यापुढे वही उघडून धरली. बाईंनी ती वाचली, मग मला हातात घेतलं आणि पात्यावरून अंगठा फिरवला.

“बावीस खड्डे?”

“पूर्ण बावीस.”

“इथे खाली नुसता मुरूम आहे, साहेब. एक खड्डा खणला तरी पात्याचा रंग उडतो.”

माझा रंग कारखान्यातून निघाले तसाच्या तसा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“रंग चांगल्या प्रतीचा आहे,” नियमभाऊ म्हणाले.

बाई तडक खडकामागे गेल्या. मागोमाग नियमभाऊ नाकाला रुमाल लावून धावले. “हे आधीच्या लोकांचं असणार, मॅडम. आमच्यात असलं चालत नाही.”

सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. त्या मैदानावर आप्पांना आणायचं स्वप्न होतं ते वहिनींचं, आणि गप्प राहिल्या असत्या तर कदाचित निभावलंही असतं. पण त्या पुढे झाल्या. “नाही, मॅडम. आमचंच आहे. त्यात माझंही आहे.”

मैदानाला कुलूप लागलं. मंडळींनी पाटीसमोर उभं राहून फोटो काढला आणि सामान आवरायला घेतलं. वहिनींनी मात्र माझी फीत सोडली, घंटी काढून नवऱ्याच्या हातात दिली आणि मला घेऊन खडकामागे गेल्या. दुपारपर्यंत आम्ही दोघी खणत होतो. पहिल्याच घावाला पात्याचा रंग गेला. काम घाणेरडं होतं, पण खरं सांगते, मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तेव्हापासून दर महिन्याला वहिनी परवानगी घेऊन तिथे जातात. कागद वेचतात, पायांनी दडपून कडक झालेली माती माझ्या पात्याने सैल करतात. इकडे नियमभाऊ व्याख्यानांत सांगतात, “एक संपूर्ण मैदान आम्ही माणसांपासून वाचवलं.” टाळ्या पडतात.

गेल्या खेपेला वनरक्षक बाई जवळ येऊन बसल्या. “ताई, तुमच्या वडिलांचं कळलं मला. एका रात्रीपुरतं आणा त्यांना. मी बघितलंच नाही असं समजा.”

वहिनींची पकड माझ्या मुठीवर घट्ट झाली. त्यांना हो म्हणायचं होतं, किती म्हणायचं होतं ते मलाच ठाऊक.

“नको, मॅडम,” त्या शेवटी म्हणाल्या. “आम्हा अकरा जणांनाही तेव्हा हेच वाटलं होतं. माझ्या एकटीने काय होतंय.”

आज त्यांनी आप्पांना गाडीतून फाटकापर्यंत आणलंय. कुंपणाबाहेर घडीची खुर्ची टाकून आप्पा बसलेत. मी त्यांच्या पायाशी मातीत उभी आहे. तळं इथून जेमतेम बोटभर दिसतं.

“गवत येतंय का गं?” त्यांनी विचारलं.

“येतंय, आप्पा. पण अजून विरळ आहे.”

“मग येऊ दे. मी थांबतो.”

तेव्हा मंडळी, रानात जाल तेव्हा पाट्या ठोकू नका आणि माझं कौतुकही करू नका. तुम्हाला घाई असेल, लाज वाटत असेल, जमीनही कठीण असेल. तरी वीतभर खणा. इथे एक्याऐंशी वर्षांचा माणूस गवताची वाट बघत बसलाय.