मोटारीच्या खोलीतला सराव

श्रेयाने खताची रिकामी पोती झटकली आणि शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत एकावर एक अंथरली. रणजित बूट न काढताच आडवा झाला.

"बूट तरी काढ, दादा."

"राहू दे. पळाल्यासारखं वाटतं."

ती हसली नाही. आठवडाभर तिचा भाऊ रोज उजाडताना ग्राउंडवर म्हणून निघायचा आणि ओढ्याच्या कडेने वळून इथे येऊन झोपायचा. ती वैरणीच्या निमित्ताने मागून यायची. परत जाताना तो हौदातलं पाणी मानेवर, पाठीवर मारून घ्यायचा. घाम दिसायला हवा.

पोलीस भरतीची मैदानी चाचणी जवळ आली होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची. सकाळ-संध्याकाळ पळणं आणि रात्री उसाचा ट्रॅक्टर माळेगावच्या कारखान्यावर नेणं, हे सगळा हंगाम चाललं होतं. सोळाशे मीटरला लागणारा वेळ कमी व्हायचा सोडून वाढत गेला, तसे त्याने राउंड वाढवले. मग गाडीला किक मारताना पाय थरथरू लागला, तेव्हा श्रेयानेच त्याला बारामतीला नेलं. सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, खात्रीसाठी काही दिवसांनी पुन्हा घेतलं. टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा घसरलेलं.

"ताकद पळताना वाढत नाही, नंतरच्या विश्रांतीत वाढते," डॉक्टर म्हणाले होते. "ती तुम्ही शरीराला देतच नाही, म्हणून ते हे हार्मोन कमी बनवतंय. पळणं बंद, रात्रीचं काम बंद. पोटभर खा आणि झोपा. होईल पूर्ववत."

"किती दिवसांत?" रणजितने विचारलं.

"सगळ्यांना सारखे दिवस लागत नाहीत."

बी.एस्सी. झालेल्या श्रेयाला सगळं कळलं. रणजित मात्र स्टँडवर आल्यावर एवढंच बोलला, "आबांना सांगायचं न्हाय. नुसतं झोपतोय म्हणलं तरी का म्हणून इचारतील. पुरुषाचं हार्मोन कमी हाय म्हणल्यावर डाळजच्या पोरीशी ठरलेली सोयरीक ऱ्हाईल का?"

आजही पोत्यांवर तो लगेच घोरायला लागला. वैरणीचा भारा घेऊन ती घरी आली, तर अंगणात आबांसमोर शेजारचा गेणबा चहा पीत बसला होता.

"महिपतराव, पोरगं भरतीला निघालंय का बाळंतपणाला?" तो म्हणत होता. "बाकीची पोरं ग्राउंडवर मरत्यात, आन् तुमचं मोटारीच्या खोलीत घोरतंय. रोज बघतोय मी."

आबांनी कप खाली ठेवला आणि मुलीकडे पाहिलं. भारा तिच्या डोक्यावरच राहिला.

ते उठून शेताकडे चालू लागले. भारा टाकून ती मागे निघाली.

"आबा, ऐका की."

ते थांबले नाहीत. वाटभर ती शब्द जुळवत राहिली. बापासमोर उच्चारता येईल असा एकही सापडला नाही.

शेतात लाइट आली होती. मोटार आपोआप सुरू होऊन घरघरत होती. आबा दारातच उभे राहिले. रणजित कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले, तोंड उघडं, गालफडं बसलेली. मोटार कानाशी होती, तरी त्याची पापणी हलत नव्हती.

आबा म्हणाले, "किती दमलंय गं हे. आजारी हाय का?"

"झोपू द्या त्याला, आबा. तेवढंच औषध हाय."

आबांनी मान डोलावली. उसाचं पाणी अजून निम्म्यावरच पोचलं होतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, अनवाणी आत गेले आणि आवाजाचा त्रास नको म्हणून स्टार्टरचं लाल बटण दाबलं.

एकदम सामसूम झाली, आणि त्या सामसुमीनेच रणजितला जाग आली.

समोर आबा. तो ताडकन उठला.

"निघालोच हुतो, आबा. जरा टेकलो हुतो..."

"आरं, झोप..."

ऐकायला तो थांबलाच नाही. दोघांच्या मधून बाहेर पडला आणि बांधावरून सुटला.

"रणज्या, थांब!" आबा ओरडले. पोराला दम द्यायचा जो आवाज होता, तोच निघाला. दुसरा त्यांच्याकडे नव्हता.

रणजितने पळता पळता एकदा मागे पाहिलं आणि वेग वाढवला.