सशाच्या आधी

आईने टोपलीत गाजराचा पाला टाकला आणि सशावर डोळे वटारले.

"खा मेल्या! काल पाय आपटून माझ्या काळजाचा ठोका चुकवलास."

लेक माहेरी आली ती या सशाला छातीशी धरूनच. चार दिवसांसाठी म्हणाली होती. आता शेजारणी विचारायला लागल्या होत्या. काहीतरी शिजतंय, हा संशय आईला पहिल्यापासून होता. पण विचारलं की एकच उत्तर, "काही नाही गं." जावई तर सोन्यासारखा. रोज कामावरून परतताना डोकावणार, फळं आणणार, आवाज कधी चढवणार नाही. चूक असलीच तर आपल्याच पोरीची, राग कायम नाकाच्या शेंड्यावर! आज तो तिला न्यायला येणार होता. बॅग आईनेच भरली होती.

"हा सारखा पाय का आपटतो गं?"

"ससे ओरडत बसत नाहीत," लेक कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "कान फिरवून लांबचं ऐकतात. धोका वाटला की पाय आपटून बाकीच्यांना सांगतात."

"इथे कसला डोंबलाचा धोका?"

लेकीने घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. आईला ते खटकलं. सकाळी दूधवाला येऊन गेला, वरच्या मजल्यावरची पोरं जिना दणाणत उतरली, तरी ससा मजेत चघळत होता. पाय आपटायचा तो जावई यायच्या वेळेलाच. हे तिच्या आत्ता ध्यानात आलं, आणि ती सशावर नजर ठेवून बसली.

जिन्यात सामसूम होती. घडी घालता घालता लेकीचा हात मध्येच थांबला. मान ताठ, श्वास रोखलेला, नजर दारावर. आईने कान देऊन ऐकलं. तिला काही म्हणता काही ऐकू येईना. सशाचंही तोंड अजून चालूच होतं.

मग सशाचे कान उभे राहिले. मग पाय आपटला. आणि मग कुठे खालच्या जिन्यात बूट वाजले.

आईने सशावरची नजर लेकीकडे वळवली. ती उठली आणि तिने दाराला आतून कडी घातली.

बेल वाजली. "आई, मी आलोय," तोच गोड आवाज.

"ती येणार नाही."

"असं काय करता, आई? दार तरी उघडा."

"नाही उघडणार."

मग दारावर जोरात लाथ बसली. आई केवढी तरी दचकली. लेक दचकली नाही. ती तोवर दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसली होती.